नवा पाय चावतो

रविवारी, आठ डिसेंबरला, मामाचा कृत्रिम पाय पुसून पिशवीत भरायचं काम माझ्याकडं आलं. जिथून आणला तिथं तो परत द्यायचा होता. करमाडचा हा माझा मामा म्हणजे अख्ख्या मराठवाड्यातला सर्वांत निर्धास्त पेशंट. साखरेच्या आजारानं डावा पाय गुडघ्याखाली कापला, तर शुद्धीवर येताच यानं विचारलं की आता चपला जोडीनंच घ्याव्या लागतील का. नसलेल्या अंगठ्याला खाज सुटली की तो तिथली चादर खाजवायचा आणि बरं वाटलं म्हणायचा.

नव्या पायाची सवय व्हावी म्हणून मी त्याला शहरात माझ्याकडं आणलं. पायाचं नाव त्यानं ‘जावई’ ठेवलं: बाहेरून आलाय, मान द्यावा लागतो, कधी रुसेल नेम नाही. कॉलनीतल्या मारुतीला गेला की चप्पल काढायला वाकणं नको म्हणून अख्खा पायच चपलांच्या रांगेत ठेवायचा आणि कुबड्यांवर आत जायचा. एक बाई तो पाहून किंचाळल्या, तर आतून आवाज आला, “घाबरू नका, जावई हाय माझा.”

मी शिस्तीची. सकाळी दोन फेऱ्या, संध्याकाळी दोन. पंधरवड्यानं तो म्हणाला, “बाई, पाय चावायलाय.” नवी चप्पल चावते तसंच हे, असं मी धरलं. त्यात हा दिवसाला दहा विनोद करणारा. चार दिवस चावेल मग सवय होईल, असं सांगून मी आणखी एक फेरी वाढवली. त्यानं पुढं दोनदा तेच सांगितलं. मी एकदाही उघडून बघितलं नाही. मग त्यानं देवळात पाय काढणं सोडलं. मला वाटलं, शहाणा झाला.

मोज्यावर रक्त दिसलं तोवर जखम चिघळली होती. दुसऱ्या ऑपरेशनात गुडघाही गेला. गुडघा असता तर तो एकटा शेतापर्यंत गेला असता. आता करमाडला परतल्यावर न्हाणीत जायला त्याला मुलगा लागतो, आणि ड्रेसिंगसाठी सून शेंद्र्याच्या कारखान्यातल्या कामावर खाडे करते. दुखत होतं तर बोलला का नाहीत, असं डॉक्टरांनी विचारलं तेव्हा मी शेजारीच उभी होते. माझ्याकडं न बघता मामा म्हणाला, “म्याच लपवलं.”

मी गप्प राहिले. तेव्हापासून घरात जो तो त्याला बोलतो. तुमच्या हट्टापायी आमचे हाल, असं सून तोंडावर सुनावते आणि हा मान डोलावतो.

पाय पुसताना आतून माझ्याच जुन्या सुती साडीच्या घड्या निघाल्या. नीट दाबून बसवलेल्या, वाळलेल्या रक्तानं कडक झालेल्या. माझ्या फेऱ्या चुकू नयेत म्हणून.

सोमवारी सकाळी पहिल्या एसटीनं करमाडला गेले. मुलगा आणि सून दोघं घरात होते. उंबऱ्यातच सांगितलं: यानं काही लपवलं नाही, तीनदा बोलला होता, मीच चालवत राहिले. मुलगा गोठ्याकडं निघून गेला. सून माझ्याकडं बघत राहिली. हिचं काय ऐकता, चहा टाका, असं मामा म्हणाला. कुणी टाकला नाही.

मी हात धुतले. सुनेकडून ड्रेसिंग समजून घेतलं आणि तिला कामावर जायला सांगितलं. पट्टी सोडताना मामा छताच्या पत्र्याकडं बघत होता. लागतंय का, मी विचारलं.

“व्हय,” तो म्हणाला. “लई.”