धाकटीची अडलेली प्रार्थना

धाकटीने पन्नाशी ओलांडली, केस पिकले, चष्म्याच्या काचा जाड झाल्या, तरी घरात ती धाकटीच. बाहेर तिला सगळे ताई म्हणतात, आणि म्हणायलाच पाहिजे, कारण तिच्यासारखी शिवणारी बाई त्या रस्त्यावर तर नाहीच, पुढच्या चार रस्त्यांवरही नाही. हे दादाचं म्हणणं. दादा म्हणजे तिचा थोरला भाऊ, नळकाम करणारा, शाळेत सातवीपर्यंत जाऊन परत आलेला. बहिणीचं कौतुक करायला शिक्षण लागत नाही, असं तो म्हणतो, आणि ते कौतुक ऐकवल्याशिवाय कुणाचा गळका नळ बंद करत नाही.

तिचं दुकान जिन्याखालचं. एक पायाचं मशीन, एक विजेचं, कापायचं टेबल आणि भिंतीला टेकवलेला उंच आरसा. तिथं ती सकाळपासून संध्याकाळपर्यंत शिवते आणि मधे मधे देवाशी बोलते. दुसरी माणसं ‘तुमच्यासाठी प्रार्थना करीन हं’ म्हणतात आणि दाराबाहेर पडेपर्यंत विसरतात. धाकटीला ते जमत नाही. माप देता देता कुणी बोलून गेलं की नवऱ्याचं ऑपरेशन आहे, की ही टेप गळ्यात टाकते, तोंडातल्या टाचण्या काढून ठेवते आणि तिथल्या तिथं डोळे मिटते. समोरची बाई एका बाहीत हात घालून तशीच उभी. कुणाला घाई असते, कुणी मनातून वैतागतंही, पण आजवर एकही बाई तिला थांबवून निघून गेलेली नाही.

तिची आणखी एक तऱ्हा आहे. जे मनात नाही ते ती देवाला सांगत नाही. घरमालकाचं भलं कर म्हणायला तिला कितीतरी वर्षं लागली. तोवर नुसतं म्हणायची, “प्रभू, घरमालक आहे, तुला माहीतच आहे,” आणि पुढच्या माणसाकडे वळायची.

आता काडीबद्दल. काडी ही धाकटीच्या दुकानातली पोरगी. आली तेव्हा इतकी बारीक की पहिल्याच दिवशी नाव पडलं ते पडलंच. धाकटीने तिला दोरा ओवण्यापासून नवरीच्या झग्याचा घेर बसवण्यापर्यंत सगळं शिकवलं. प्रार्थना करायलाही तिनेच शिकवलं. काडीचं लग्न झालं, मुलं झाली, तरी दुपारचा डबा दोघी एकत्रच खायच्या. दादा दोघींना हसायचा, की एक बोलते आणि दुसरी तिचंच वाक्य पुरं करते.

आणि मग समोरच्या बाजूचा बंद गाळा उघडला. रंगारी पाटी रंगवत होता. धाकटीने सहज विचारलं, कुणाचं दुकान निघतंय. तो म्हणाला, तुमच्या काडीताईंचं, तुम्हाला माहीत नाही? धाकटी आत येऊन मशीनवर बसली आणि शिवलेली शिवण उसवत राहिली. काडीने दुसऱ्या दिवशी रडत रडत सगळं सांगितलं, पण ते एका दिवसाने उशिरा झालं. काही गिऱ्हाइकं तर आधीच पलीकडे विचारून आली होती.

एवढ्यावर थांबलं असतं तर दादाने सांभाळून घेतलं असतं. पण उद्घाटनाच्या आठवड्यात काडी परत आली, दारातच उभी राहिली आणि म्हणाली, चर्चचे पाळकसाहेब येणार आहेत, पण दुकानासाठी प्रार्थना ताईंनीच करायची. दुसऱ्या कुणाची नको. धाकटी सवयीने हो म्हणून बसली.

दादाला कळलं तेव्हा त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ज्या पोरीने पाठीमागून दुकान थाटलं, तिच्यासाठी देवाकडे मागायला हिने जायचं?

“तू हो म्हणालीस?”

“तोंडातून गेलं.”

“मग आता तोंडातूनच नाही म्हण.”

“तिला प्रार्थना मीच शिकवली, दादा. नाही कशी म्हणू?” मग कापड बाजूला सारून ती म्हणाली, “पण तिचं दुकान चालावं असं मला वाटत नाही रे. दोन दिवस बघतेय. इस्त्री करताना म्हणून बघितलं, काज करताना म्हणून बघितलं. येतच नाही.”

दादाने सल्ला दिला की चार शब्द म्हणून टाक, लोकांना काय कळतंय. धाकटीने चष्म्यावरून त्याच्याकडे असं पाहिलं की तो पाना उचलून कामाला निघून गेला. जाता जाता त्याला आपल्या बोलण्याची लाजही वाटली. पण देवाचं नाव घेऊन आजवर आपण तिला काय काय खोटं सांगितलं असेल, याचा हिशेब तो कशाला करत बसतोय.

उद्घाटनाच्या सकाळी गाळ्यात पाऊल ठेवायला जागा नव्हती. रंगाचा वास, नवी मशीनं, त्यांच्यावरचं प्लास्टिक अजून तसंच. पाळकसाहेबांनी बायबलमधलं वचन वाचलं आणि धाकटीला खूण केली. सगळ्यांनी माना खाली घातल्या, डोळे मिटले. दादाने एकच मिटला.

सुरुवात झकास झाली. ही जागा दिलीस म्हणून आभार, ही मशीनं दिलीस म्हणून आभार. दादाची छाती फुगायला लागली. मग धाकटी म्हणाली, “आणि आता या दुकानाला,” आणि थांबली. लोकांना वाटलं, भरून आलं असेल. दादाने मात्र मिटलेला डोळाही उघडला.

“प्रभू,” धाकटी म्हणाली, “पुढचं येत नाहीये. हिची भरभराट कर, असं म्हणायला मी आले. पण माझ्या मनात ते नाही, आणि तुला तर दिसतंच आहे. मग उगाच कशाला बोलू.”

आता पंचाईत अशी, की आमेन झाल्याशिवाय कुणी डोळे उघडायचे नाहीत आणि मधे बोलायचं नाही. दादा पाळकसाहेबांकडे बघत राहिला, की म्हणा आता आमेन आणि सोडवा. पाळकसाहेबांनी हनुवटी छातीला लावली होती, ती हलेना. दादाच्या मते माणूस हुशार.

तेवढ्यात काडीचा आवाज आला. तिचेही डोळे मिटलेलेच. “प्रभू, ताईंना विचार, त्यांचा राग दुकानावर आहे का.”

“प्रभू, तिला सांग, दुकानावर नाही. एका डब्यात जेवलो आम्ही, आणि मला रंगाऱ्याकडून कळलं.”

“प्रभू, मी रोज सांगायचं ठरवून यायचे. आणि रोज ताई म्हणायच्या, काडी, तू आहेस म्हणून माझं चालतंय. त्यावर कसं सांगायचं, ते तूच सांग.”

दादाने पाहिलं, धाकटीच्या बोटांनी पदराचं टोक गच्च धरलं होतं.

“हे खरंय, प्रभू,” ती म्हणाली. “मी म्हणायचे.”

“चुकलं माझं, ताई,” काडी म्हणाली. या वेळी प्रभू म्हणायचं राहून गेलं.

“बरं, ऐक आता, प्रभू. हे मी कुणालाच सांगितलं नाही. झग्यावर मोती शिवताना मला नीट दिसत नाही. दोन झगे हिनेच रात्री घरी नेऊन पुरे केले आणि मला कळू दिलं नाही. मी समजून गेले होते, पण बोलले नाही. ही गेली तेव्हा पहिल्यांदा मनात आलं ते हेच, की आता सगळ्यांना कळणार.” तिने पदराचं टोक सोडलं. “तर नवरीचे झगे हिलाच दे. शाळेचे गणवेश माझ्याकडे राहू देत.”

“राहू देत,” काडी म्हणाली.

“मधे बोलू नकोस. प्रभू, या पोरीचं दुकान चालू दे.” मग तिने श्वास घेतला, जशी शिवण उलटून नीट बसलीय का बघावी तसं स्वतःचंच बोलणं तपासलं, आणि म्हणाली, “हो. आता खरं म्हणतेय. आमेन.”

दादाचा आमेन सगळ्यांत मोठा निघाला.

बाहेर आल्यावर शेजारचा इस्त्रीवाला त्याला टोमणा मारायला लागला, की तुमच्या बहिणीने शुभकामात भांडण काढलं. दादाने त्याला बाजूला घेतलं आणि ऐकवलं, की देवासमोर तोंडदेखलं बोलणारी माणसं पोत्याने मिळतात, असली बाई एखादीच असते आणि ती आमच्या घरात आहे. पुढेही बरंच ऐकवणार होता, पण आतून हाक आली.

काडीने नव्या वहीतलं पहिलं माप ताईंचंच घ्यायचं ठरवलं होतं. धाकटी दोन्ही हात बाजूला पसरून उभी होती, अवघडलेली. जन्मभर दुसऱ्यांची मापं घेतली, तिचं कुणी घेतलंच नव्हतं.

“कमरेचं मोठ्याने सांगू नकोस,” ती पुटपुटली. “दादा आलाय.”

काडी हसली आणि आकडा मनातल्या मनात म्हणून लिहून घेतला.

“आणि बाही जरा सैल ठेव.”

“ताई, तुमची बाही कशी ठेवायची ते मला माहीत आहे.”

“असणारच,” धाकटी म्हणाली, आणि हात जरा आणखी वर केला.