जुन्या-नव्या बॅटरीची जोडी

पांढुर्ण्याच्या स्टेशनरोडवर त्याचं बॅटरीचं दुकान होतं. ॲसिडनं सदऱ्याला बारीक भोकं पडलेली. तारेला हात लावण्याआधी तो दोन्ही तळवे पँटला पुसायचा. त्याचं नाव मी कधी विचारलं नाही.

ऐंशीचं दशक सरत आलं होतं. मी तिगावला मास्तर होतो. आईच्या घशाचं ऑपरेशन झालं आणि कफ ओढायचं मशीन घरी आलं. वीज सारखी जायची, म्हणून इन्व्हर्टर घेतला. त्याला दोन बॅटऱ्या लागत. एक नवी त्याच्याकडून घेतली. दुसरी मेव्हण्याच्या ट्रकमधली जुनीच जोडून द्या, म्हणालो.

त्यानं हातातला पाना खाली ठेवला. "मास्तर, ट्रकची बॅटरी गाडी सुरू करायपुरती. घंटाभर दम नाही धरत ते. अन् जुनी नवीलेही खाऊन टाकते. मी नाही जोडत."

तुम्हाला एक जास्त विकायची आहे, असं मी तोंडावर बोललो आणि सौंसरच्या दुसऱ्या माणसाकडून जोडणी करून घेतली.

पंधरवड्यानं भर दुपारी वीज गेली. मशीन दहा मिनिटं चाललं. आई गेली.

पुढं काही महिन्यांनी तो बाजारात भेटला. "आई कशी आहे, मास्तर?"

"बरी आहे," मी म्हणालो. "तीच जोडी चालून राहिली."

तो ओशाळला. "मंग मीच लोकायले उगाच भेव दाखवून राहिलो म्हना. आता कोनाले नाही म्हननार नाही."

मी मान हलवली आणि सायकलवर बसलो. त्यानंतर त्यानं किती घरांत तशी जोडी लावून दिली, हे विचारायला मी कधी गेलो नाही.