अपघातातला काना

“कमी शब्दांत बसवा बाई, पन समजंल असं,” असं म्हणत बळीराम पाटलांनी तारेचा फॉर्म काउंटरवरून माझ्याकडं सरकवला.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. भिवंडीच्या तार ऑफिसात मी काउंटर क्लार्क होते. पाटील वळ गावचे, नारपोलीत त्यांचे लूम होते. त्यांच्याकडं कापड तपासायला जयंतीलाल नावाचे गुजराती गृहस्थ होते. ते सकाळी स्कूटरवरून पडले. पाय मोडला, बाकी ठणठणीत. अमरेलीजवळच्या त्यांच्या गावी कळवायचं होतं आणि तिथं फोन नव्हता.

तारेला शब्दागणिक पैसे पडत, पत्त्यातल्या शब्दांचेही. त्यामुळं लोक लांबलचक मजकूर आणायचे आणि मी तो छाटून द्यायचे. हे माझं काम नव्हतं, हौस होती. पाटलांनी ‘स्कूटरवरून पडून पाय मोडला, घाबरण्यासारखं काही नाही’ असं लिहून आणलं होतं.

“एवढ्या सगळ्यासाठी ‘अपघात’ पुरे,” मी म्हटलं.

“गुजरात्यांना समजंल?”

“संस्कृत शब्द आहे. सगळीकडं चालतो.”

“मंग पुढं ‘जल्दी आवो’ टाका. तेवढं गुजराती मना येतं.”

‘जयंतीलाल अपघात जल्दी आवो.’ चार शब्द. रोमन अक्षरांत तार गेली. पाटील खूश, मी त्यांच्याहून खूश.

चौथ्या दिवशी पाटील परत आले. सोबत पांढऱ्या कपड्यांतले एक उंच गृहस्थ होते, जयंतीलालचे थोरले भाऊ मगनभाई.

“बाई, तुमी काय पाठवलंत? यांच्या घरात दोन दिस चूल न्हाय पेटली.”

मगनभाईंनी घडी घातलेली तार माझ्यासमोर उलगडली. “बहनजी, ये क्या लिखा है?”

“अपघात.”

“वही तो. आपघात. मतलब अपने हाथ से जान दे दी.”

गुजरातीत आपघात म्हणजे आत्महत्या. आपल्या शब्दातला ‘अप’ म्हणजे अपमान, अपयश यांतला. त्यांच्या शब्दातला ‘आप’ म्हणजे स्वतः, आपल्या ‘आपण’चा सख्खा भाऊ. घात दोन्हीकडं तोच. फरक फक्त एका कान्याचा, आणि रोमन तारेत काना नसतो.

पुढचं पाटलांनी सांगितलं. जयंतीलालच्या बायकोनं, कांताबेननं, आठवडाभर आधी नवऱ्याला रागाचं पत्र लिहिलं होतं. दिवाळीलाही आला नाहीत, आता येऊच नका. तार वाचून तिला वाटलं, पत्रानंच जीव घेतला. मगनभाईंबरोबर येताना गाडीत ती कुणाशी एक शब्द बोलली नव्हती. सगळे नारपोलीच्या खोलीत शिरले, तर जयंतीलाल पाय लांब करून गाठिया खात बसलेले. पांढरे कपडे बघून त्यांना वाटलं, आई गेली. आधी तेच रडायला लागले. कोण कुणाचं सांत्वन करतंय, हे कळायला पाच मिनिटं गेली. मग कांताबेन नवऱ्याला जी बोलायला लागली, ती पाटील निघेपर्यंत थांबली नव्हती.

“आई तिकडं गावीच हाय,” पाटील म्हणाले. “पोरगा जिता हाय, ते तिला अजून ठावं न्हाय. अन्नाला शिवली न्हाय म्हातारी.”

मी उठून तारमास्तरांकडं गेले आणि सगळं सांगितलं.

“मजकूर कुणाचा?”

“पाटलांचा.”

“शब्द कुणाचा?”

“माझा.”

त्यांनी चष्मा काढून पुसला. “मजकुराची जबाबदारी पाठवणाऱ्याची असते. सुचवणाऱ्याबद्दल नियम गप्प आहे, तुमचं नशीब. आता आधी दुसरी तार लावा.”

या वेळी मी पेन मगनभाईंच्या हातात दिलं. त्यांनी सांगत सांगत लिहिलं, “जयंतीलाल जीवे छे.”

पाटील पुढं वाकले. “जीवे, छे? म्हंजे हाय का न्हाय?”

आपलं ‘छे’ म्हणजे नाही, त्यांचं ‘छे’ म्हणजे आहे. मगनभाईंनी गळ्याला हात लावून सांगितलं की आहे. ‘पग भांग्यो छे, चिंता करशो नहीं’, म्हणजे पाय मोडलाय, काळजी करू नका, हेही त्यांनी घातलं. मी एकही शब्द कापला नाही. तार एक्सप्रेस गेली, म्हणजे साध्या तारांच्या आधी. दुसऱ्या दिवशी उलट तार आली, आई जेवली. मगनभाईंनी तक्रार केली नाही. जाताना म्हणाले, “बहनजी, गुजराती सीख लो. अच्छी भाषा है.”

कांताबेन मात्र गावी परत गेलीच नाही. नवऱ्याला एकटं ठेवायचं नाही म्हणून तिनं नारपोलीतच बिऱ्हाड मांडलं, पुढं सासूलाही आणलं. जयंतीलाल भेटले की म्हणायचे, पाय महिन्या-दोन महिन्यांत बरा झाला, तारेचा परिणाम अजून चालू आहे.

मी थोडीफार गुजराती शिकले. अनोळखी शब्द आला की माणूस अर्थ विचारतो. ओळखीचा दिसला की विचारत नाही, आणि तिथंच फसतो. मी तर काउंटरच्या आतल्या बाजूला बसून फसले होते.