साडूंच्या सर्व्हरचे दोन भाग

आमच्या साडूंइतका घाबरट माणूस अख्ख्या सोलापूर जिल्ह्यात सापडायचा नाही, आणि सापडलाच तर साडू त्याला जोडीला म्हणून घरी घेऊन येतील. कुठलीही गोष्ट एकच असली की त्यांचा जीव थाऱ्यावर राहत नाही. खिशात रुमाल दोन, होटगीला जायचं तर रेल्वेचं तिकीट काढून वर एसटीच्या वेळा पाठ. मुलीच्या लग्नात त्यांनी आणखी एका भटजींना सांगून ठेवलं होतं. दोघंही आले आणि मांडवातच जुंपली. त्यांच्या घरून आम्ही निघालो की आमच्या दाराचं कुलूप उघडायच्या आत फोन वाजतो. "साडूभाऊ, पोचला न्हवं?" हो म्हटलं की पुढचा प्रश्न, "आन् ताई?" एकाच स्कूटरवर बसलेली माझी बायको वाटेत कुठे राहणार, हे त्यांना विचारायची सोय नाही.

हे गृहस्थ एका टॉवेलच्या कारखान्यात कॉम्प्युटर सांभाळतात. कपाटाएवढा एकच सर्व्हर, आणि कामगारांचे पगार, पीएफ, परदेशच्या ऑर्डरी सगळं त्याच्या पोटात. साडू रोज त्याची नक्कल टेपवर घेतात. शनिवारी दोन टेपा. एक कारखान्यात, दुसरी वळसंगला भावाच्या घरी, ज्वारीच्या कणगीवर. मधली रात्र ती साडूंच्या घरी चादरीत गुंडाळून मुक्काम करते, आणि चुंबकाने टेप पुसली जाईल म्हणून फ्रीजवरचं चुंबकाचं बदक तेवढ्यापुरतं बाल्कनीत जातं. "सोलापूर बुडालं तर वळसंग हाय की!" असं ते म्हणतात. नळाच्या पाण्याची वाट बघत बसणारं आमचं सोलापूर बुडणार कसं, ते त्यांनाच ठाऊक.

यंदा मालकांनी नवं युनिट काढलं आणि पुण्याहून एक इंजिनीअर बाई आल्या. त्या म्हणाल्या, नवा सर्व्हर नको, आहे त्याचेच दोन भाग करू. लॉजिकल पार्टिशन म्हणतात त्याला. यंत्र एकच, पण आत दोन निराळे संसार. एक बंद पडला तरी दुसरा चालू. एकाचे दोन होणार म्हटल्यावर साडू पेढे वाटतील असं मला वाटलं होतं. ते पांढरे पडले होते.

"आदी सगळं पुसायचं. मग दोन भाग. मग टेपवरनं जुनं परत भरायचं."

"मग टेपा आहेत की तुमच्याकडे!"

त्यांनी इकडेतिकडे बघून आवाज खाली आणला. "हायत. पण एकबी कदी परत भरून बगितली न्हाय."

"का?"

"भरली आन् काय आलंच न्हाय तर?"

मला हसू आलं नाही. इतकी वर्षं हा माणूस टेपा जपत होता आणि त्यांत काही आहे की नाही, हे बघायचा धीर त्याला झाला नव्हता. पगाराचा दिवस तोंडावर होता.

रविवारी ते मला सोबत घेऊन गेले. "मला काय झालं तर घरी सांगायला एक मानूस पायजे," म्हणाले. "पुसू का, काका?" बाईंनी विचारलं. साडूंनी यंत्राला हात लावला, पाण्याचा घोट घेतला, पुन्हा हात लावला आणि कसंबसं "पुसा" म्हणाले. पडदा काळा झाला. भाग पाडून झाले, कारखान्यातली टेप आत गेली, थोडा वेळ घरघरली आणि अडकली. "ही वाचली जात नाहीये," बाई म्हणाल्या. मला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं, तरी मी जागेवरून उठून उभा राहिलो. साडूंनी पिशवीतून वळसंगहून आणून ठेवलेली टेप काढली. चादरीच्या घडीतून ज्वारीचे दाणे फरशीवर सांडले. बाईंनी ती आत सरकवली. ती टेप मात्र थांबली नाही. पडद्यावर कामगारांची नावं उमटली तेव्हा साडूंनी आधी स्वतःचं नाव शोधलं. "मी हाय ह्यात," ते हळूच म्हणाले आणि खुर्चीत बसून दोन्ही रुमालांनी डोळे पुसू लागले.

मी घरी आलो, कुलूप उघडलं, चहा झाला. फोन वाजला नाही. साडूंचा फोन कसा नाही, असं बायकोनेही दोनदा विचारलं. साडूंची भीती गेली असेल, असं मी स्वतःला सांगत होतो. पण मनात नाही नाही ते येऊ लागलं. शेवटी मीच फोन लावला. मेहुणीने उचलला.

"आल्या आल्या आडवे झालेत. कदी न्हवं ते घोरायलेत. काय काम हुतं?"

काम काहीच नव्हतं. आपल्यासाठी घाबरणारं कुणी जागं नाही म्हटल्यावर घर उगाच ओकंबोकं वाटत होतं.

"काही नाही," मी म्हणालो. "उठले की सांगा, मी पोचलो."