पाय एकाचा, तपासणी दुसऱ्याची

बहारीनला, गुदैबियात, आमच्या खालच्या मजल्यावर एका खोलीत सहा पुरुष राहत. सगळे रत्नागिरीकडचे, मीना सलमान बंदरातल्या एका वर्कशॉपमध्ये कामाला. डबा माझ्याकडचा.

त्या खोलीची आरोग्यव्यवस्था फार प्रगत होती. बरं इंग्रजी बोलणारा एकच, स्टोअरचा क्लार्क, आणि त्याची ड्यूटी दुपारीच सुटायची. म्हणून दुखणं कुणाचंही असो, डॉक्टरकडे तोच जायचा. बाकीच्यांना अर्ध्या दिवसाची सुट्टी मागायला सुपरवायझरसमोर उभं राहावं लागे. शिवाय काही मोठं निघालं तर व्हिसा जाईल ही धास्ती. क्लार्क दुसऱ्याचा आजार पाठ करून जायचा, स्वतःचा म्हणून सांगायचा आणि गोळ्या आणायचा. खोकला, पित्त, पाठदुखी, सगळं असंच बरं झालं होतं. तसंही झालंच असतं, पण श्रेय क्लार्कला.

एका शुक्रवारी दुपारी वेल्डर मिस्त्री डबा न्यायला आला तो एका पायात बूट, दुसऱ्यात मोजा आणि चप्पल घालून. क्लार्क सोबत होता.

"पायाला काय झालं, मिस्त्री?"

"काय नाय वहिनी. ठिणगी पडली होती तीन आठवड्यांमागं. साखर तपासली, नॉर्मल आली."

"कुणाची?"

क्लार्क म्हणाला, "माझी. उपाशीपोटी दिली होती."

"आणि जखम कुणी दाखवली?"

"ती तोंडी सांगितली. डॉक्टर बघू म्हणाले, तर म्हटलं आता बरीच कमी आहे."

मी मोजा काढायला लावला. करंगळी काळी पडली होती आणि वास स्वयंपाकघरापर्यंत आला.

"दुखत अजिबात नाय," मिस्त्री म्हणाला. जणू पेढेच वाटायचे.

मी तिथूनच सुपरवायझरला फोन लावला. तुमचा माणूस काही दिवस येणार नाही, पाय सडतोय, म्हटलं. "ठीक है मॅडम, चिठ्ठी भेज देना," तो म्हणाला. संपलं. तीन आठवड्यांत हे त्याला कुणी विचारलंच नव्हतं.

दोघांना टॅक्सीत कोंबून हॉस्पिटलात नेलं. मिस्त्रीची साखर यंत्रालाही झेपेना. करंगळी गेली, पाय राहिला. व्हिसाही राहिला.

दुसऱ्या दिवशी ड्रेसिंग करताना डॉक्टरांनी विचारलं, इतके दिवस का नाही आलास?

"आया था ना, साब," मिस्त्री म्हणाला आणि दारात उभ्या क्लार्ककडे हात केला. क्लार्कनेही मान डोलावली.