राइस मिलच्या गोदामातला रॉक

चांगलं गाऊन चपला खाणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो माझा मित्र.

गोंदियाच्या एका ऑर्केस्ट्राचा तो मुख्य गायक. नवरात्रात त्याला श्वास घ्यायला फुरसत नसे. तिरोडा, आमगाव, देवरी, जिथे मांडव तिथे हा गिटार घेऊन हजर. गाणी सगळी हिंदी सिनेमातली, हुकमी. पण शेवटची फर्माइश संपली आणि लोक चटया गुंडाळायला लागले, की हा ड्रमवाल्याला डोळा मारायचा आणि इंग्रजी रॉक सुरू करायचा. तिरोड्याला एकदा पहिली चप्पल आली ती ड्रमवर. ड्रमवाल्याने ताल न सोडता काठीने ती परत पब्लिकमध्ये उडवली. दुसरी गायकाने झेलली, माईकसारखी तोंडासमोर धरली आणि पुढचं कडवं चपलेतच म्हटलं. मांडव हसून लोळला. ज्याची चप्पल होती तो गृहस्थ स्टेजजवळ येऊन म्हणाला, "भाऊ, गाणं झालं असंन तं द्या परत. एका पायानं घरी कसा जाऊ?"

मी या बँडमध्ये नव्हतो. मला सूर कळत नाही, तालात टाळी वाजवता येत नाही. मी ऐकणारा. पण प्रत्येक बँडला एक तरी ऐकणारा लागतोच, नाहीतर त्याला नुसता गोंगाट म्हणतात.

तो रॉक आला कुठून, तेही सांगतो. स्टेशनजवळ कॅसेटचं एक दुकान होतं. दुकानदाराने कधीतरी इंग्रजी कॅसेटींचा एक खोका घेतला आणि जन्मभर पस्तावला. खोका काउंटरखाली, त्यावर त्याचे पाय. आम्ही तिघं, गायक, ड्रमवाला आणि मी, त्याचे पाय बाजूला करून खोका उपसायचो. जी नावं सगळ्या जगाला माहीत, त्या कॅसेटी कधीच गेल्या होत्या. उरला होता तो गाळ. त्या गाळात आम्हाला ती कॅसेट सापडली. वर चित्र होतं: कौलारू छपरावर छत्री उघडून बसलेला एक टकला माणूस. बँडचं नाव कोणी कधी ऐकलेलं नाही. पहिली बाजू ठीक. दुसऱ्या बाजूचं शेवटचं गाणं मात्र असं, की आम्ही तिघं एकमेकांकडे न बघता बसून राहिलो. अत्यंत संथ. गाणारा जणू झोपलेल्या घरात कोणाला जाग येऊ नये म्हणून हळू बोलतोय. शब्द निम्मे कळले नाहीत. गायकाने त्यावर आमच्याकडच्या झाडीबोलीतले शब्द बसवले, मूळ गाण्यातली छत्री तेवढी ठेवली.

पुढे इंटरनेट आलं तेव्हा शोधलं. कोणीतरी ते गाणं टाकलेलं होतं आणि खाली कोणी एक शब्द लिहिलेला नव्हता. आम्हाला वाईट वाटायला पाहिजे होतं. आम्ही पार्टी केली. जगाला न सापडलेला बँड फक्त गोंदियाला सापडला होता!

आता खर्रा. आमच्याकडे सुपारी, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या पन्नीत टाकून तळहाताने घोटतात, त्याला खर्रा म्हणतात. आमच्याकडे माणूस भेटला की आधी पन्नी निघते, मग तब्येत विचारतात. ऑर्केस्ट्रावाल्यांची तर पक्की समजूत, की खर्ऱ्याने गळा गरम राहतो, आवाज खुलतो. मास्तरने शिष्याला सा शिकवावा तसा जुन्या गायकाने आमच्या गायकाला खर्रा शिकवला होता. डाव्या गालात गोळी ठेवून तो तासन्‌तास गायचा. गाल रिकामा असला तर म्हणे सूर घसरतो.

गेल्या वर्षी त्याला तोंड उघडेना. आधी दोन बोटं जायची, मग एक. तरी तो सांगत फिरत होता, "उष्णता झाली बे." नागपूरच्या डॉक्टरांनी एकदाच आत पाहिलं आणि सांगितलं, जीभ काढावी लागेल. जबड्याचा तुकडाही.

मी भेटायला गेलो तर तोच मला समजावत होता. "काऊन बे, असं तोंड कायले केलं? जीभ माही काढून राहिले, तुही नाई."

बायकोच्या देखत देवघरासमोर उभं राहून त्याने खर्रा सोडला. सोबत म्हणून मीही सोडला, आणि मित्राच्या आजारपणात आपण काही केलं असं मला वाटायला लागलं.

त्याची बायको, आमची वहिनी, देवरीकडच्या जंगलपट्टीतली. इतक्या वर्षांच्या संसारात तिने नवऱ्याला एकदाही गाताना ऐकलं नव्हतं. नवरात्रात हा गावोगाव, ती सासू-सासऱ्यांपाशी. पुढे ऑर्केस्ट्रा मोडला. घरी तो गुणगुणतसुद्धा नसे, म्हणायचा, घरी काय गाते माणूस, घर का स्टेज आहे? मंडळवाल्यांनी त्याची गाणी भरून ठेवलेल्या कॅसेटींना बुरशी लागली. ऑपरेशनला चार-सहा दिवस उरले असताना वहिनी मला दाराबाहेर म्हणाली, "भाऊजी, त्याइचं एक गाणं भरून आणा. मंग तं कधीच नाई ऐकू येणार."

मी म्हटलं, आणतो. छातीवर हात ठेवून म्हटलं. अशा वेळी मला नाटक सुचतंच.

मी ज्या राइस मिलमध्ये कामाला आहे तिचं मोठं गोदाम तेव्हा रिकामं होतं, आणि रविवारी मिल बंद असते. तिथे दुपारी आम्ही तिघं जमलो. वहिनीला बोलावलं नाही. ड्रमवाला म्हणाला, "वहिनी आल्या तं हा लाजते. सुपारीसारखा घट्ट बसते, फुटत नाई."

ड्रमवाला ऑर्केस्ट्रा मोडल्यावर धुमालमध्ये गेला होता. धुमाल म्हणजे आमच्या वरातीपुढचा चालता कारखाना: ट्रकवर भोंग्यांची भिंत आणि तिच्या पोटात ढोल, ड्रम, कीबोर्ड. भिंतीच्या पोटात इतकी वर्षं बसून त्याचे कान गेले होते. त्याला हाक मारायची तर खांद्यावर थाप मारावी लागते.

त्याने माझा फोन रेकॉर्डिंगला लावला आणि आपल्याजवळच्या पोत्यांवर ठेवला. म्हणाला, "इथं मले दिसते, चालू आहे का नाई."

गायक गिटार घेऊन खुर्चीवर बसला. गालावरून हात फिरवला. गाणं अर्थात तेच, छत्रीवाल्याचं. तो गायला, आणि काय सांगू! तोंड बोटभर उघडत होतं, शब्दांच्या कडा झिजल्या होत्या, पण तो आवाज तोच. मी खांबाला टेकून डोळे मिटून ऐकलं. गाणं संपल्यावर गायक ड्रमवाल्याच्या खांद्यावर थाप मारून ओरडला, "बे, तू वाजवून राहिला का धान भरडून राहिला?"

ड्रमवाला खूश झाला. "मजा आली ना?"

मग आठवणी निघाल्या. देवरीला पावसात करंट लागलेला माईक, आमगावला मध्येच पळून गेलेला कीबोर्डवाला. हसून हसून गायकाला दुखायला लागलं तेव्हा मी म्हटलं, थांबा, चहा आणतो, आणि नाक्यापर्यंत जाऊन आलो. रेकॉर्डिंग कसं झालं ते कोणीच ऐकून पाहिलं नाही. आत्ताच तर ऐकलं होतं!

ऑपरेशन झालं. मी नागपूरला गेलो तेव्हा तो खाटेवर बसलेला होता, चेहऱ्याची एक बाजू पट्ट्यांत, नाकात नळी. मला बघून त्याने अंगठा वर केला. वहिनी स्टुलावर. मी खिशातून फोन काढला, इअरफोनचं एक टोक तिला दिलं, एक माझ्या कानात घातलं.

गाणं सुरू झालं. ड्रम मालगाडीसारखा आला आणि गेलाच नाही.

वहिनीने इअरफोन बोटाने आत दाबला. "यात हे कुठी आहेत?"

"आहे ना. ऐका, आता छत्री म्हणते. हे पाहा, म्हटलं."

तिने माझ्याकडे असं पाहिलं, की मी पहिल्यांदा नीट ऐकलं, गाणं माहीत नसल्यासारखं. छत्री नव्हती. काहीच नव्हतं. पत्र्याचं गोदाम आणि ड्रम. त्या दुपारी मी खांबाला टेकून जे ऐकलं त्यातलं किती त्याने गायलं होतं आणि किती मला पाठ होतं, देव जाणे.

मी बंद करायला बोट पुढे नेलं, पण गाणं संपलं तरी रेकॉर्डिंग सुरूच होतं. आमचं हसणं. मग माझा आवाज, चहा आणतो. शटर सरकल्याचा आवाज. आणि मग त्याचा आवाज आला, इतका मोठा आणि स्वच्छ, की वहिनी दचकली. बहिऱ्याशी बोलायचं म्हणून तो ओरडत होता.

"खर्रा आहे का बे?"

"काय?"

"खर्रा! खर्रा!"

"अन वहिनी?"

"तिले कायले सांगतं? दे. गाल रिकामा आहे तं सूर नाई लागला मघाशी."

पन्नी चोळल्याचा आवाज बराच वेळ येत राहिला. मी वहिनीकडे बघू शकत नव्हतो, म्हणून खाटेकडे पाहिलं. गायक आमच्याकडेच बघत होता. आम्ही कुठपर्यंत पोचलो ते त्याला कळलं. त्याने फोनसाठी हात पुढे केला, बोटं हलवली.

कानात आता तो गात होता. ड्रम नाही, गिटार नाही. गालात गोळी, त्यामुळे शब्द जाड, आणि आवाज अगदी हळू, जणू कोणाला जाग येऊ नये. पहिल्यापासून शेवटपर्यंत अख्खं गाणं. ड्रमवाल्याला ते ऐकूच गेलं नसणार. मधेच तो म्हणाला, "पाऊस येते का बे?" गायक थांबला नाही.

गाणं संपल्यावर मी वहिनीला कुजबुजत म्हटलं, "आधीचं सगळं कापून देतो. फक्त गाणं ठेवतो."

"काही कापू नका."

तिने फोन माझ्या हातातून घेतला, माझ्या कानातलं टोक काढून आपल्या दुसऱ्या कानात घातलं आणि मागे सरकवून सरकवून ती जागा शोधली. गाण्याची नाही, त्याच्या आधीची, खर्रा मागतानाची. खाटेवरचा हात अजून पुढेच होता. तिने तो पाहिला, आणि खिडकीकडे तोंड करून बसली.