एकसष्ट वर्षांचा कणा

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही—बायकोलाही नाही. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून सांगतोय.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. कोल्हापुरातल्या एका एक्स-रे सेंटरमध्ये मी नुकताच लागलो होतो. काम अंधाऱ्या खोलीतलं. लाल दिव्याखाली फिल्म औषधाच्या पाण्यात बुडवायची, की माणसाची हाडं हळूहळू वर येतात. भर दुपारीसुद्धा अंगावर काटा यायचा. त्या दिवशी एक कणा नीट वर येईचना—धुरकट, विरळ, मणके दबलेले. चिठ्ठीवर नाव शालन, गाव कुरुंदवाड, वय एकतीस. एकतीस? पाळी जाऊन वर्षं लोटलेल्या बायकांची हाडं अशी दिसतात, पुरुषांची त्याहून उशिरा—एवढं मी बघून बघून शिकलो होतो. चिठ्ठी लिहिणाराच चुकलाय, असं मी ठरवलं. मोठा शहाणा! पाकिटावर एकसष्ट लिहिलं. डॉक्टरांनी नुसती फिल्म आणि पाकिटावरचं वय पाहून रिपोर्ट दिला—वयोमानानुसार झीज, विशेष काही नाही.

दुसऱ्या दिवशी खिडकीशी एक बाई आली. काळेभोर केस.

"आईचा रिपोर्ट का?" मी विचारलं.

"आईचा कशाला? माझाच की!" ती हसली. "पिशवी काढल्यापास्नं पाठ धरलीया बघा, दादा. पिशवीसंगं सगळंच काढलं. पाळीची कटकट गेली."

अंडाशयं गेली की हाडांना जपणारं संप्रेरकही जातं. मला हे कळत नव्हतं का? कळत होतं. आत जाऊन डॉक्टरांना एक वाक्य सांगायचं होतं, तिला वेळेत औषध मिळालं असतं. डॉक्टर तापट होते, नोकरी नवी होती—मी भ्यालो. पाकीट तिच्या हातात दिलं.

आठ-नऊ वर्षांनी ती स्ट्रेचरवरून आली. कळशी उचलताना खुबा मोडला होता. फिल्म मीच धुतली. चेहरा मी विसरलो होतो, पण खुब्याच्या वर दिसणारे ते मणके—ते नाही विसरलो. लाल उजेडात ते माझ्याकडेच बघतायत असं वाटलं.

तिनं जुनं पाकीट सोबत आणलं होतं.

"एकसष्ट? हा कुणाचा फोटो?" डॉक्टरांनी मला विचारलं.

आणखी एक संधी होती, नाही का?

"अदलाबदल झाली असेल, सर. दुसऱ्या कुणाचा तरी आहे."

शालनताई पडल्या पडल्या ऐकत होत्या. "म्हंजी इतकी वर्सं दुसऱ्या बाईची हाडं मी ट्रंकंत जपली व्हय?" मग म्हणाल्या, "त्या बिचारीला औषद मिळालंच नसंल की, दादा."

"नसेल," मी म्हणालो.